नेव्हिल घराणे, रॅबीचे

मध्ययुगीन इंग्लंडच्या उत्तर भागातील एक बलाढ्य सरंजामी घराणे. डरहॅम परगण्यातील रॅबी हे त्याचे मुख्य ठाणे. वेस्टमरलंडचे अर्ल (१३९७ पासून), सॉल्झबरीचे अर्ल आणि ‘राजे घडवणारा’ म्हणून प्रसिद्ध असलेला वॉरिकचा अर्ल रिचर्ड नेव्हिल (१४२८–७१) हे सर्व याच घराण्यातले. राजा चौथा एडवर्ड व तिसरा रिचर्ड यांची आई सिसिली (१४१५–९५) हीही याच घरची लेक. गुलाबांच्या युद्धांतील, म्हणजे पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या यादवीतील, या घराण्याची कामगिरी इंग्लंडच्या कोणत्याही इतिहासात सापडते, म्हणून प्रस्तुत नोंदीत भर दिला आहे तो वंशावळीवर, आणि त्यातही १२२७ पूर्वीच्या पिढ्यांवर, कारण वाद आहे तो तेथेच.

नेव्हिल हे आडनाव नॉर्मन आहे. नॉर्मंडीतील ‘नवे गाव’ अशा अर्थाच्या स्थळनामावरून ते आले. मात्र रॅबीच्या नेव्हिलांची पितृपरंपरा नॉर्मन नाही. जेफ्री द नेव्हिल (मृ. ११९३ च्या सुमारास) याने बुल्मर घराण्याची वारस एमा हिच्याशी लग्न केले आणि डरहॅमजवळचे ब्रान्सपेथ व यॉर्कशरमधील शेरिफ हटन ही ठाणी त्याच्याकडे आली. त्यांचा मुलगा हेन्री १२२७ मध्ये निपुत्रिक वारला आणि सारी मालमत्ता त्याची बहीण इझाबेल हिच्याकडे गेली. इझाबेलचा नवरा रॉबर्ट फिट्झ मालड्रेड हा रॅबीचा धनी. ‘फिट्झ’ म्हणजे ‘चा मुलगा’. हे आडनाव नव्हे, दर पिढीला बदलणारे पितृनाम आहे. या दांपत्याच्या जेफ्री नावाच्या मुलाने आईकडचे नेव्हिल हे नाव घेतले आणि पुढच्या पिढ्यांनी तेच चालवले. माहेरचे नाव अधिक वजनदार आणि त्यासोबत येणारी जमीनही मोठी असली म्हणजे मुलाने ते लावावे, हे त्या काळी अपवादात्मक नव्हते. परिणाम असा झाला की पुढील कित्येक शतके हे घराणे १०६६ मध्ये नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकणारा विजेता विल्यम याच्याबरोबर आलेल्यांपैकी मानले गेले, प्रत्यक्षात मात्र मोठ्या सरदारांमध्ये तुरळकच आढळणाऱ्या स्थानिक, नॉर्मनपूर्व वंशांपैकी ते एक होते.

ही स्थानिक परंपरा मागे नेली की ती एका सनदेपाशी येऊन थांबते. ११३१ मध्ये डरहॅमच्या मठाचा प्रायर, म्हणजे मठप्रमुख, अल्गार याने उट्रेडचा मुलगा डॉल्फिन, म्हणजे रॉबर्ट फिट्झ मालड्रेडचा आजोबा, याला स्टेनड्रॉप व स्टेनड्रॉपशायर सालाना चार पौंड खंडाने दिले. (डॉल्फिन या नावाचा माशाशी संबंध नाही, ते जुन्या नॉर्स भाषेतील नावाचे रूप आहे.) येथील ‘शायर’ म्हणजे आजच्या अर्थाचा परगणा नव्हे, तर एका मुख्य गावाला जोडलेल्या वाड्यावस्त्यांचा समूह, रॅबी हे त्यांपैकीच एक. हा मुलूख राजा क्नूट याने संत कथबर्टच्या, म्हणजे डरहॅमच्याच, मठाला अर्पण केला होता, त्यामुळे मठाने तो कायमचा देऊन न टाकता वरिष्ठ हक्क राखून दिला. सनदेतील एक कलम लक्षात घेण्याजोगे आहे: डॉल्फिन प्रायरचा माणूस झाला, पण इंग्लंडचा राजा, स्कॉटलंडचा राजा आणि डरहॅमचा बिशप यांच्यावरील निष्ठा अबाधित ठेवून. केवळ मोजक्या गावांचा खंडकरी असलेल्या माणसाच्या बाबतीत स्कॉटलंडच्या राजाचा उल्लेख करण्याचे कारण नव्हते. तेव्हा डॉल्फिनचे हितसंबंध सरहद्दीपलीकडेही असावेत आणि तो या प्रदेशातील जुन्या प्रतिष्ठित कुळातला असावा, एवढे अनुमान यावरून काढता येते.

खंडाला पुढे एक सांबर जोडलेले दिसते. दरवर्षी सप्टेंबरमध्ये, काही उल्लेखांनुसार पवित्र क्रुसाच्या दिवशी आणि काहींनुसार संत कथबर्टच्या सणाला, रॅबीचा धनी शिंगे फुंकीत डरहॅमच्या महामंदिरात, म्हणजे कॅथीड्रलमध्ये, सांबर घेऊन येई. १२८२ मध्ये रॉबर्ट नेव्हिल वारला तेव्हाच्या एका लहानशा विलापगीतात, क्रुसाच्या दिवशी आता ही शिंगे कोण फुंकणार, असा प्रश्न विचारलेला आहे. सांबर आणणाऱ्याला व त्याच्या लव्याजम्याला मठाने जेवू घालावे की नाही यावरून नंतरच्या नेव्हिलांचे व मठाचे भांडण झाले. हा तपशील केवळ गमतीचा नाही. खंड, सांबर आणि मेजवानी यांवरील तंट्यांमुळेच ११३१ च्या सनदेचे महत्त्व मठाच्या दप्तरात टिकून राहिले, आणि डॉल्फिनपासून नेव्हिलांपर्यंतची मालकी एकाच वंशात सलग चालत आली हे त्यामुळेच दाखवता येते. वंशावळ येथे जन्मनोंदींवर उभी नसून खंडाच्या पावतीवर उभी आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

डॉल्फिनचा बाप उट्रेड कोण, हा खरा वादाचा मुद्दा. प्रचलित मतानुसार हा उट्रेड मालड्रेडचा मुलगा आणि नॉर्थम्ब्रियाचा अर्ल गॉस्पॅट्रिक याचा भाऊ होय. गॉस्पॅट्रिकची वंशावळ डरहॅमच्या सिमीअनच्या नावाने चालणाऱ्या इतिवृत्तात दिली आहे: तो क्रिननचा मुलगा मालड्रेड याचा पुत्र, आणि त्याची आई आल्डगिथ ही नॉर्थम्ब्रियाचा जुना अर्ल उट्रेड व इंग्लंडचा राजा एथेलरेड याची मुलगी यांची कन्या. हा क्रिनन म्हणजे १०४५ मध्ये लढाईत मारला गेलेला डंकेल्डचा मठाधिपती असल्याचे सामान्यतः मानतात. त्याचा दुसरा मुलगा डंकन हा स्कॉटलंडचा राजा होता. हे मत स्वीकारले तर नेव्हिल घराणे आईकडून वेसेक्सच्या राजवंशाशी आणि बापाकडून स्कॉटलंडच्या राजवंशाशी जोडले जाते. वंशावळकारांना ते प्रिय का झाले असावे, हे वेगळे सांगायला नको.

या मताचा मुख्य आधार नावांचा आहे. उट्रेड, डॉल्फिन आणि मालड्रेड ही तिन्ही नावे अर्लांच्या कुळात आढळतात. गॉस्पॅट्रिकलाही डॉल्फिन नावाचा मुलगा होता, आणि १०९२ मध्ये राजा विल्यम रूफसने कार्लाइलमधून हाकलून दिलेला डॉल्फिन तोच असल्याचे बरेच अभ्यासक मानतात. त्या काळी उत्तरेत आजोबांचे किंवा चुलत्याचे नाव मुलाला ठेवण्याची रीत होती, त्यामुळे नावांची पुनरावृत्ती हा पुरावा म्हणून सरसकट टाकून देता येत नाही. तिन्ही नावांना सारखे वजन मात्र नाही. उट्रेड हे नाव अकराव्या-बाराव्या शतकांत उत्तरेत सर्रास आढळते. १०८० मध्ये मारल्या गेलेल्या लिगुल्फच्याही एका मुलाचे नाव उट्रेड होते. डॉल्फिनही दुर्मीळ नाही. मालड्रेड हे नाव त्या मानाने खरोखर विरळ आहे, आणि सनदेतील डॉल्फिनने आपल्या मुलाचे नाव मालड्रेड ठेवले, ही या मताच्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट होय.

कालगणना मात्र ताणावी लागते. उट्रेड हा गॉस्पॅट्रिकचा सख्खा भाऊ असेल तर त्याचा जन्म १०४५ च्या आसपास किंवा थोडा आधी धरावा लागतो. त्याचा मुलगा ११३१ मध्ये जमीन घेतो आणि त्याचा पणतू रॉबर्ट फिट्झ मालड्रेड तेराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशात हयात असतो. म्हणजे उट्रेड, डॉल्फिन, मालड्रेड आणि रॉबर्ट या चारच पिढ्यांनी जवळजवळ दोनशे वर्षे व्यापली, आणि दोन पिढ्यांमधील अंतर सरासरी चाळीस वर्षांच्या आसपास पडते. हे अशक्य नाही. धाकट्या मुलांच्या शाखांत किंवा दुसऱ्या लग्नाच्या संततीत असे अंतर पडते. परंतु सलग तीनदा ते पडावे यासाठी काही तरी आधार हवा, तसा तो नाही. उट्रेड व अर्लांचे कुळ यांच्यामध्ये आणखी एक पिढी घातली तर हिशेब सुटतो, पण ती पिढी कोणत्याही कागदावर नाही. बनावट वंशावळींवर कठोर टीका करणाऱ्या जे. होरेस राउंड यांनी १८९५ च्या ‘फ्यूडल इंग्लंड’ या ग्रंथात नेव्हिलांच्या मुळाची स्वतंत्र प्रकरणात चर्चा केली, तेव्हापासून स्थानिक मूळ सर्वमान्य झाले आहे. उट्रेडची ओळख तशी झालेली नाही. अर्लांच्या कुळाशी नाते असणे संभवनीय, पण सख्ख्या भावाचे नाते सिद्ध नाही, आणि वंशवृक्षात उट्रेडच्या वर तुटक रेघ ओढणे हेच अधिक सुरक्षित होय.

आईकडील, म्हणजे खऱ्या नॉर्मन नेव्हिलांविषयी याहून कमी माहिती मिळते. पुढील काळातील वंशवृक्षांत विजेत्या विल्यमचा आरमारप्रमुख म्हणून एका गिल्बर्ट द नेव्हिलचे नाव येते. त्याला समकालीन आधार नाही. विजेत्या विल्यमने करवलेल्या १०८६ च्या डूम्सडे या जमीन-पाहणीच्या सुमारास लिंकनशरमध्ये पीटरबरोच्या मठाच्या जमिनींवर या नावाचे कूळधारक दिसतात आणि इझाबेलचे पूर्वज त्यांच्यातले असावेत. याच काळात इंग्लंडमध्ये नेव्हिल नावाची इतर माणसेही मोठ्या पदांवर होती: दुसऱ्या हेन्रीचा मुख्य वनाधिकारी ॲलन, आणि चिचेस्टरचा बिशप व राजाचा चान्सलर राल्फ (मृ. १२४४). जुन्या वंशावळींनी या सर्वांना एकाच झाडावर बसवले आहे. आडनाव एक म्हणून कूळ एक, ही समजूत स्थळनामांवरून पडलेल्या नॉर्मन आडनावांच्या बाबतीत विशेष फसवी ठरते, कारण नॉर्मंडीत या नावाची गावे एकाहून अधिक आहेत.

१२२७ नंतर वाट सोपी होते. राजाकडून थेट जमीन धारण करणारा मनुष्य वारला की एस्चीटर हा अधिकारी स्थानिक पंच बसवून मृत्यूचा दिवस, जमिनींची यादी, वारसाचे नाव व वय यांची चौकशी करी. वारस एकवीस वर्षांखालील असेल तर त्याचे पालकत्व आणि जमिनीचे उत्पन्न राजाकडे जाई, म्हणून वयाची नोंद आवश्यक होती. मात्र ‘तीस वर्षे व त्याहून अधिक’ असे लिहिलेले आढळले तर त्याचा अर्थ वारस सज्ञान आहे एवढाच घ्यावा; तो चाळिशीचाही असू शकतो. नेव्हिलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. डरहॅममध्ये राजाचे अधिकार बिशप वापरी, त्यामुळे तेथील जमिनींची चौकशी बिशपच्या अधिकाऱ्यांपुढे होई आणि राजाच्या दप्तरात केवळ यॉर्कशर वगैरे भागांतील जमिनी दिसतात. एकाच मृत्यूसाठी दोन दप्तरे धुंडाळावी लागतात आणि जुन्या काळासाठी बिशपचे दप्तर अपुरे आहे. त्यात वर्ष २५ मार्चला बदलण्याची आणि राजाच्या राज्यारोहणापासून वर्षे मोजण्याची पद्धत असल्याने छापील ग्रंथांत एका वर्षाचा फरक वारंवार आढळतो.

क्रमांकांचाही घोळ आहे. जेफ्रीचा मुलगा रॉबर्ट १२८२ मध्ये वारला तेव्हा त्याचा थोरला मुलगा, तोही रॉबर्टच, अकरा वर्षांपूर्वीच मरण पावला होता, त्यामुळे वारसा नातू रॅनल्फ याच्याकडे गेला. रॅनल्फच्या आईमुळे, मिडलहॅमच्या मेरीमुळे, यॉर्कशरमधील ते प्रसिद्ध ठाणे घराण्यात आले. संसदेचे वैयक्तिक बोलावणे आलेला पहिला बॅरन रॅनल्फ (मृ. १३३१) मानावा, हा आजचा संकेत, जुने ग्रंथ रॅबीच्या धन्यांपासून मोजतात. म्हणून १३४६ मध्ये नेव्हिल्स क्रॉस येथे स्कॉटांविरुद्ध लढलेला राल्फ (मृ. १३६७) कोठे दुसरा तर कोठे चौथा बॅरन म्हणून भेटतो. त्याचा मुलगा जॉन (मृ. १३८८) याला रॅबीच्या तटबंदीचा परवाना १३७८ मध्ये बिशपकडून मिळाला.

जॉनचा मुलगा राल्फ (मृ. १४२५) हा वेस्टमरलंडचा पहिला अर्ल. मार्गारेट स्टॅफर्ड (मृ. १३९६) आणि राजा तिसरा एडवर्ड याचा मुलगा गाँटचा जॉन याची मुलगी जोन बोफर्ट अशा त्याच्या दोन बायका. मुलांची संख्या बावीस की तेवीस यावर एकमत नाही, कारण बालपणी वारलेल्यांची गणना वेगवेगळी होते. दुसऱ्या बायकोच्या मुलांना जमिनींचा मोठा वाटा मिळाला, थोरल्या शाखेकडे पदवी राहिली, आणि हा तंटा १४४३ च्या तडजोडीपर्यंत चालला. स्टेनड्रॉपच्या चर्चमध्ये संगमरवरासारख्या मऊ पांढऱ्या अलाबास्टर दगडातील राल्फची समाधी-मूर्ती दोन्ही बायकांच्या मध्ये पहुडलेली आहे. त्या दोघींपैकी एकीचेही दफन तेथे नाही. मार्गारेट ब्रान्सपेथला आहे, जोन लिंकनच्या महामंदिरात आपल्या आईशेजारी. समाधीवरून दफनस्थळ ठरवणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

वंशावळ इतिवृत्ताला दुरुस्त करते याचेही एक चांगले उदाहरण या पिढीत आहे. राल्फ व जोनची मुलगी कॅथरीन, नॉर्फकची डचेस, हिने जानेवारी १४६५ मध्ये चौथ्या एडवर्डच्या राणीचा विशीतला भाऊ जॉन वुडव्हिल याच्याशी चौथे लग्न केले. एका समकालीन इतिवृत्तात उपहासाने नवरीचे वय ऐंशीच्या घरातले दिले आहे आणि ते अजूनही उद्धृत होते. परंतु तिच्या आईबापांचे लग्नच मार्गारेटच्या मृत्यूनंतर, म्हणजे १३९६ च्या आधी नव्हे, तेव्हा कॅथरीन त्या वेळी अडुसष्टहून मोठी असू शकत नाही. वराच्या मानाने तेही कमी नाही, हे मान्य.

२०१२ मध्ये लेस्टर येथे सापडलेला सांगाडा तिसऱ्या रिचर्डचा असल्याचे ठरवताना त्याची बहीण ॲन हिच्या स्त्रीपरंपरेतील हयात वंशजांचा मायटोकाँड्रियल डीएनए जुळला, आणि ‘नेव्हिलांचा डीएनए’ असे त्याचे वर्णन काही ठिकाणी झाले. ते अचूक नाही. हा घटक केवळ आईकडून येतो; सिसिलीला तो जोन बोफर्टकडून आणि जोनला कॅथरीन स्विनफर्डकडून मिळाला. नेव्हिल पुरुषांचा त्यात वाटा नाही. याच तपासणीत पुरुषपरंपरेचा वाय गुणसूत्राचा पुरावा बोफर्टांच्या हयात वंशजांशी जुळला नाही, म्हणजे कागदोपत्री निर्दोष दिसणाऱ्या त्या वंशवृक्षात कोठे तरी पितृत्व वेगळे आहे.

थोरल्या शाखेचा सहावा अर्ल चार्ल्स १५६९ च्या उत्तरेतील उठावात सामील झाला. त्याची पदवी व जमिनी जप्त झाल्या आणि तो १६०१ मध्ये परदेशात वारला. रॅबी १६२६ मध्ये व्हेन घराण्याने विकत घेतले. पुरुषपरंपरा जोनचा मुलगा एडवर्ड (मृ. १४७६) याच्यापासून निघालेल्या ॲबर्गव्हेनी शाखेत चालू आहे.