अख्खा बोकड घेताना: आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किलोला काय भाव?" आम्ही सांगतो तो भाव जिवंत वजनाचा. दुकानातल्या पाटीवरचा भाव कापलेल्या मटणाचा. इथेच सगळा घोळ होतो, म्हणून पैसे देण्याआधी एवढं वाचून घ्या.

समजा 28 किलोचा बोकड 400 रुपये किलोने घेतला. झाले 11,200. कापणी आणि साफसफाईचे 500 धरा. सोलून, पोट काढून जिवंत वजनाच्या 45 ते 50 टक्के माल हाती येतो, म्हणजे साधारण 13 किलो मटण. 900 रुपये किलो पडलं! पण मुंडी, पाय, कलेजी, दिल, वजडी मिळून आणखी चारेक किलो निघतं. ते धरलं की हिशोब 700 च्या आत येतो. तेव्हा सरळच सांगतो, घरात मुंडी-वजडीला कुणी हात लावत नसेल, तर अख्खा बोकड घेऊन पैसे वाचत नाहीत. अशा घराने ओळखीच्या दुकानातून हवी तेवढी मांडी-चाप घ्यावी.

वजन आम्ही उपाशीपोटी करतो. आदल्या संध्याकाळपासून चारा आणि खुराक बंद, पाणी मात्र चालू. भरल्या पोटी काटा दीड-दोन किलो सहज जास्त दाखवतो आणि तुम्ही पाल्याचे पैसे मटणाच्या भावाने मोजता. दुसरीकडे कुठे घेतलात तरी बोकडाच्या डाव्या कुशीवर हात दाबून बघा. कूस टम्म लागली तर नुकताच खाऊ घालून काट्यावर चढवलाय असं समजा.

मग ओठ वर करून दात बघा. खालचे पुढचे सगळे दात बारीक, दुधाचे असतील तर जनावर साधारण वर्षाच्या आतलं. मधले दोन मोठे आले असतील तर वर्ष उलटलेलं. आमची पसंती दोन दाती, खच्ची केलेल्या बोकडाला. आंडील बोकड वयात आला की मटणाला उग्र वास येतो, तो मसाल्याने झाकत नाही. आमच्याकडे उस्मानाबादी जात आहे, बहुतेक काळी. बोल्हाईचं मटण हवं असेल तर ते मेंढीचं, आमच्याकडे मिळत नाही.

कापणी फार्मवर होत नाही. जनावर परवाना असलेल्या कत्तलखान्यात जातं आणि पशुवैद्यकाने तपासल्यावरच कापलं जातं. हलाल की झटका, ते बुकिंगलाच सांगा. जंताचं किंवा दुसरं औषध दिलेलं जनावर, त्या औषधाचा अंश अंगातून जाण्याची मुदत संपेपर्यंत आम्ही विकत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

चार घरांनी मिळून वाटे घालायचे असतील तर उत्तम, आमचे निम्मे ग्राहक तसेच येतात. मांडी, खांदा, चाप, सीना, गर्दन प्रत्येक वाट्यात थोडं थोडं पडेल असं आम्ही लावून देतो. नळ्याही मोजून. मुंडी मात्र एकच असते. ती कुणाची हे घरूनच ठरवून या, आमच्या दारात त्यावरून शेजाऱ्यांची बोलाचाली झालेली आहे.

मटण कापल्यावर काही तासांत आखडतं. त्या वेळी शिजवलं तर कितीही शिट्ट्या करा, चिवटच लागतं. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात एक रात्र झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी रश्श्याला लागणारा वेळ बघा. उरलेलं अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्यांत, हवा काढून उणे 18 अंशांना ठेवा. धुवून ओलं ठेवू नका, बर्फ धरतो. तीन-चार महिन्यांत संपवा. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नका. कलेजी-वजडी दुसऱ्या दिवसापर्यंत संपवलेली बरी. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा लहान असतो, 13 किलो त्यात कोंबलं तर मधलं मटण लवकर गोठत नाही. तेव्हा वाटेकरी शोधा.

आखाडात, त्यातही गटारीच्या आठवड्यात, आणि धुळवडीला बोकड आयत्या वेळी मिळत नाही. दहा दिवस आधी येऊन जनावर निवडा, कानाला तुमचा बिल्ला लावून ठेवतो. श्रावणात गोठा निवांत असतो. श्रावण न पाळणाऱ्यांनी तेव्हा यावं, निवडायला भरपूर आणि भावही जरा नरम.