मनोरुग्ण परिचर्या (बडोदे)

मनोरुग्ण परिचर्या : मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची आणि तिला सांभाळणाऱ्या घराची शुश्रूषा. बडोद्यात ती प्रामुख्याने कारेलीबागेतील सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयात आणि सयाजी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात चालते. गुजरातमध्ये अशी स्वतंत्र सरकारी मानसिक रुग्णालये चारच आहेत : अहमदाबाद, बडोदे, जामनगर आणि भूज. त्यामुळे वॉर्डात शहरातल्यांइतकीच बाहेरगावची माणसेही दिसतात.

या शाखेला सैद्धांतिक पाया दिला तो अमेरिकन परिचारिका हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी. परिचारिका आणि रुग्ण यांच्यात जुळणारे नाते हाच उपचाराचा भाग, अशी मांडणी त्यांनी १९५२ मध्ये केली. भारताने यात भर घातली ती कुटुंबाची. त्याच दशकात अमृतसरच्या मानसिक रुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णासोबत राहू दिले. रुग्ण लवकर सुधारू लागले आणि घरी परत जाऊ लागले. परदेशी पाठ्यपुस्तके ‘भेटीच्या वेळा’ शिकवत होती, तेव्हाची ही गोष्ट.

दाखल करताना सिस्टर आधी साध्या गोष्टी विचारतात : झोप कधीपासून गेली, जेवण कसे आहे, घरी गोळ्या कोणाच्या हातून दिल्या जातात. उत्तरे बहुतेक वेळा चौघे एकदम देतात, रुग्ण सोडून. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत बाहेर गुजराती आणि घरात मराठी चालते. आजारी वृद्ध माणूस तर पुष्कळदा मराठीवरच येतो. सिस्टर गुजराती किंवा मल्याळी असल्या की मुलगा दुभाषा होतो. इथे एक धोका आहे. ‘जगणं नकोसं वाटतं का?’ हा प्रश्न मुलाच्या तोंडून गेला, की आईचे ‘सुटले तर बरं होईल’ हे उत्तर ‘ठीक आहे म्हणते’ होऊन परत येते. म्हणून आत्महत्येच्या विचारांबद्दल नातेवाइकाला बाजूला बसवून, मराठी येणाऱ्या दुसऱ्या कर्मचाऱ्याकडून विचारावे. असे थेट विचारल्याने माणूस आत्महत्येकडे ढकलला जात नाही. उलट बहुतेकांना मोकळे वाटते. जोखीम असेल तर ओढणी, नाडी, पट्टा, वस्तरा काढून घेतात आणि रुग्णावर सतत किंवा ठरावीक अंतराने नजर ठेवतात. नैराश्यावरची गोळी सुरू झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे विशेष जपायचे असतात : अंगात हालचाल आधी येते, मनातला अंधार मागून हटतो.

औषधे देणे म्हणजे गोळी हातावर ठेवणे नव्हे. गोळी गिळली की गालात धरली, हे तोंड उघडायला लावून पाहावे लागते. हॅलोपेरिडॉलसारख्या मनोविकारावरच्या औषधाने एखाद्या तरुणाची मान एकाएकी वळते, डोळे वर चढतात, जीभ जड होते. घरचे म्हणतात, ‘बाहेरचं काहीतरी आहे.’ सिस्टर डॉक्टरांना बोलावतात, उतारा म्हणून प्रोमेथाझिनचे इंजेक्शन दिले जाते आणि बहुधा अर्ध्या तासात मान सरळ होते. तेवढ्या वेळात शांतपणे समजावून सांगितले, तर त्या घराचा औषधावरचा विश्वास टिकतो. नाही तर पुढची गोळी मोरीत जाते. एका जागी बसवेना अशी तगमग हाही याच औषधांचा परिणाम असू शकतो, आणि तिला आजार वाढला असे समजून डोस वाढवला तर ती आणखी वाढते.

द्विध्रुवी विकारावर (उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार) दिल्या जाणाऱ्या लिथियमची तर वेगळीच काळजी. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर इतक्या अरुंद पट्ट्यात राखायची असते. पाणी किंवा मीठ कमी पडले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात आणि पातळी चढते. म्हणून हरतालिकेचा निर्जळी उपवास, रक्तदाबासाठी एकदम सुरू केलेले अळणी जेवण, मे महिन्यातले बडोद्याचे ऊन आणि जुलाब यांची चौकशी सिस्टरने करायलाच हवी. उलट्या, हात जोरात थरथरणे, अडखळते बोलणे ही विषबाधेची चिन्हे. गोळी थांबवून लगेच रुग्णालय गाठायचे. नवरात्रात आणखी एक गोष्ट : द्विध्रुवी विकारात जागरण उन्मादाला निमंत्रण देते. नऊ रात्री गरबा खेळायचाच, असा हट्ट असेल तर निदान किती वाजता परतायचे हे घराने आणि रुग्णाने आधी ठरवून घ्यावे. ‘गरबा बंद’ असे फर्मान बडोद्यात कोणी पाळत नाही.

दारूबंदी असूनही दारू सोडल्यानंतरचे रुग्ण वॉर्डात येतातच. थरकाप आणि घाम पहिल्याच दिवशी, तर भ्रमाचा गंभीर झटका साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. ग्लुकोजच्या बाटलीआधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व), हा इथला पाठ. बंदीमुळे कुटुंबे पिण्याची बाब लपवतात, आणि त्यामुळे हा पाठ नेमका चुकतो.

घरी पाठवण्याआधीचे बोलणे हा या परिचर्येतला सर्वांत दुर्लक्षित भाग. सततची टोमणेबाजी, वैर आणि अतिकाळजी असलेल्या घरांत स्किझोफ्रेनिया उलटण्याचे प्रमाण जास्त असते, हे लंडनमधील जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून पुढे आले. ‘तुला काय कमी आहे?’, ‘मनावर घे, उठ’ ही वाक्ये प्रेमातूनच निघतात आणि जखम करतात. तिशीतल्या मुलाला हाताने घास भरवणारी आईही याच यादीत. तिला दोष न देता, एखादे काम त्याच्याकडे सोपवायला शिकवावे लागते : दूध आणणे, स्वतःची गोळी आईच्या समोर स्वतःच्या हाताने घेणे. सांभाळणारी बहुधा आई किंवा बायकोच असते. तिची झोप आणि रक्तदाब कोणी विचारत नाही. दवाखान्याच्या कागदावर तिच्यासाठी रकानाही नसतो.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ (अंमल २०१८ पासून) या कामाची चौकट ठरवतो. रुग्णाला आपला प्रतिनिधी नेमता येतो आणि उपचारांबाबतची इच्छा आधीच लिहून ठेवता येते. साखळदंड, एकांत कोठडी आणि भूल न देता विजेचे झटके यांना बंदी आहे. सक्तीने मुंडण करता येत नाही, स्वतःचे कपडे घालता येतात. डिस्चार्जचा बेत रुग्णाशी आणि कुटुंबीयांशी बोलून ठरवायचा असतो. कुटुंब नेत नाही, एवढ्याच कारणावरून बऱ्या झालेल्या माणसाला रुग्णालयात ठेवता येत नाही. समाजात राहण्याची सोय करणे ही सरकारची जबाबदारी आहे. रात्री-अपरात्री घरात कोणाचा तोल सुटला, तर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. तो नातेवाइकांनाही लावता येतो.