उच्च प्राथमिक शाळेतील मूल्यमापन व विद्यार्थी-स्वास्थ्य (महाराष्ट्र)

इयत्ता सहावी ते आठवी, म्हणजे साधारण अकरा ते चौदा या वयातील मुले काय शिकली, कुठे अडली आणि शाळेत ती सुखाने वावरतात का, हे वर्षभर पाहत राहण्याची व त्यानुसार शिकवणे बदलण्याची पद्धत. महाराष्ट्रात तिला ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ असे नाव आहे. शिक्षकांच्या बोलण्यात ती ‘सीसीई’ किंवा नुसते ‘आकारिक’. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (अंमल १ एप्रिल २०१०) याच्या कलम २९ मध्ये अशा मूल्यमापनाची अट आहे. राज्याने तिची कार्यपद्धती २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने ठरवली.

महाराष्ट्रात पूर्वीपासून शाळांची विभागणी पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी होती. कायद्याने ती पहिली ते पाचवी व सहावी ते आठवी अशी केली, पण इमारती आणि तुकड्या एका रात्रीत बदलत नाहीत. आजही कुठे जिल्हा परिषदेची शाळा चौथीला संपते, कुठे सातवीला, आणि कितीतरी हायस्कुले पाचवीपासून सुरू होतात. त्यामुळे सहावी-सातवीच्या एकाच वर्गात निरनिराळ्या शाळांतून आलेली मुले असतात व त्यांचे आधीचे शिकणे एकसारखे नसते. जूनमध्ये पाया तपासल्याशिवाय पहिल्या धड्याला हात घालू नये, ते यासाठी.

गुणविभागणी सोपी आहे. सहावीला प्रत्येक विषयात आकारिक मूल्यमापन (सत्रभर वर्गात चालणारे) ५० व संकलित (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे) ५०. सातवी-आठवीला आकारिक ४० व संकलित ६०. संकलितमध्ये तोंडी/प्रात्यक्षिकाचे १० गुण धरलेले असतात, म्हणजे लेखी परीक्षा सहावीला ४० ची आणि सातवी-आठवीला ५० ची. कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण यांना लेखी परीक्षा नाही. तिथे शंभर टक्के आकारिक. हे चक्र वर्षातून दोनदा, सत्राच्या शेवटी पूर्ण होते. प्रगतिपत्रकावर श्रेणी लिहितात : ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड, २१ ते ३२ इ-१ आणि २० पर्यंत इ-२. खालच्या श्रेणीत राहिलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन वर आणणे ही शाळेची जबाबदारी मानली आहे. पालकांच्या मनात मात्र ‘आठवीपर्यंत नापास नाही’ एवढेच राहिले, आणि ‘ढकलपास’ हा शब्द रूढ झाला. कायद्याने परीक्षा बंद केलीच नव्हती; मूळ कलम १६ ने त्याच वर्गात ठेवणे बंद केले होते आणि कलम ३० ने आठवीपर्यंतची बोर्डाची परीक्षा. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्रात ती २०२३-२४ पासून लागू आहे. नापास झालेल्या मुलाला दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा द्यावी लागते, आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणाचेही नाव शाळेतून काढता येत नाही.

आकारिकची साधने आठ : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक वा प्रयोग, उपक्रम/कृती, प्रकल्प, चाचणी (वेळापत्रक न लावता घेतलेली छोटी लेखी किंवा पुस्तक उघडे ठेवून), स्वाध्याय/वर्गकार्य, आणि ‘इतर’ म्हणजे प्रश्नावली, स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन वगैरे. भाषा, गणित, विज्ञान यांसारख्या विषयांत किमान पाच साधने वापरावी लागतात. कला-कार्यानुभव-शारीरिक शिक्षणात किमान तीन. कागदावर हे नेटके दिसते. खरी अडचण संख्येची आहे. कायद्याच्या प्रमाणाप्रमाणे एका शिक्षकामागे ३५ मुले धरली आणि विषयशिक्षकाकडे तीन तुकड्या असल्या, तर १०५ मुलांच्या प्रत्येकी पाच साधनांच्या मिळून ५२५ नोंदी एका सत्रात होतात. त्या रोज थोड्या केल्या तरच निभतात. एका तासाला पाच-सहा मुले ठरवून पाहायची, बाकीच्यांकडे त्या दिवशी नोंदीसाठी लक्ष द्यायचे नाही, असा क्रम लावला तर आठवड्याभरात तुकडी फिरून होते. हे न जमलेल्या ठिकाणी ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये वह्या एका बैठकीत भरल्या जातात. एकूण गुण टाकला की तो साधनांमध्ये आपोआप वाटून देणाऱ्या एक्सेल शीट त्यासाठीच फिरतात. अशा वहीत बेरीज चोख असते. तिच्यावरून सोमवारी काय शिकवायचे, ते मात्र ठरवता येत नाही.

नोंद उपयोगी कधी होते, हे सहावीतल्या दशांश अपूर्णांकांवरून पाहता येईल. ०.३५ आणि ०.५ यांत मोठा कोणता, असे विचारल्यावर काही मुले ०.३५ म्हणतात, कारण ३५ हा ५ पेक्षा मोठा. ही चूक सर्वांना ठाऊक आहे. पण ०.५ हे बरोबर उत्तर देणाऱ्यांतही दोन प्रकार असतात. काहींना स्थानिक किंमत कळलेली असते. काहींनी ‘शतांश दशांशापेक्षा लहान, म्हणून जितके अंक जास्त तितकी संख्या लहान’ असा स्वतःचा नियम बसवलेला असतो. दोघांनाही पूर्ण गुण मिळतात. दुसऱ्या गटाला ०.७५ आणि ०.५ विचारले की तो पुन्हा ०.५ सांगतो आणि पकडला जातो. म्हणून चाचणीत या दोन्ही जोड्या हव्यात, आणि शेजारी ‘का?’ लिहायला एक ओळ. उपाय म्हणून १० × १० चौकटींचा कागद घेऊन ३५ चौकटी आणि पाच उभे पट्टे रंगवायला दिले की ०.३५ म्हणणारी मुले लगेच सावरतात; स्वतःचा नियम बसवलेल्यांना वेळ लागतो. रुपये-पैशांचे उदाहरण जपून द्यावे, कारण २.५ रुपये म्हणजे दोन रुपये पाच पैसे असे वाचणारी मुले त्याने आणखी गोंधळतात.

म्हणून उत्तरपत्रिका तपासताना मुलागणिक गुणांबरोबर प्रश्नागणिक तक्ता करावा. आडव्या ओळीत मुले, उभ्या रकान्यात प्रश्न. एखाद्या रकान्यात ३५ पैकी २२-२५ चुका दिसल्या तर दोष शिकवण्यात किंवा प्रश्नाच्या भाषेत आहे. तो घटक सगळ्या वर्गाला पुन्हा घ्यावा. चार-पाच जणांचीच चूक असेल तर त्यांचा छोटा गट करावा. चुका एकाच मुलाच्या ओळीत भरभरून असतील तर गणिताआधी त्याची हजेरी, डोळे आणि वाचन तपासावे.

वाचनाबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण उच्च प्राथमिकमध्ये ते शिकवण्याचा विषयच राहत नाही. ते येते असे गृहीत धरलेले असते. ‘प्रथम’ संस्था २००५ पासून ‘असर’ सर्वेक्षणात अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद व दुसरीच्या पातळीची गोष्ट असा एक पानी कागद वापरते. तोच कागद सातवीच्या वर्गात एकेकाला जवळ बसवून वाचायला दिला तर मुलामागे तीन-चार मिनिटांत स्थिती कळते. दुसरीची गोष्ट अडखळत वाचणाऱ्या मुलाची इतिहासाची लेखी परीक्षा इतिहासाची राहत नाही. त्याचा प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावा आणि तोंडी उत्तर घ्यावे. आकारिकमध्ये याला पूर्ण मुभा आहे, तरी ती फारशी वापरली जात नाही.

वर्णनात्मक नोंदी हा पद्धतीचा सर्वांत चांगला आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. प्रगतिपत्रकात विशेष प्रगती, आवड/छंद आणि सुधारणा आवश्यक असे रकाने असतात. ‘अभ्यासात प्रगती चांगली, अवांतर वाचन करावे’ हे वाक्य कोणत्याही मुलाला लागू पडते, म्हणजे कोणालाच नाही. विषयवार तयार नोंदींच्या पीडीएफ शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर असतातच. कामाची नोंद अशी दिसते : ‘परिच्छेद वाचून थेट उत्तर शोधते, कारण विचारले की मजकुरातले वाक्य उतरवते. गटात तोंडी सांगताना कारण स्वतःच्या शब्दांत देते.’ पुढच्या शिक्षकाला यातून कळते की मुलीला समजते, लिहिताना तिचा धीर सुटतो.

स्वास्थ्याची तपासणी गुणांच्या वहीपासून वेगळी ठेवण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा आहे. पहिली खूण हजेरीपटावरच उमटते. आठवडी बाजाराच्या दिवशीच पडणारा खाडा, महिन्यातून ठरावीक तीन-चार दिवस न येणाऱ्या सातवी-आठवीच्या मुली, दिवाळीनंतर ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली आणि थेट एप्रिलच्या सुमारास परतणारी मुले : प्रत्येकाचे कारण वेगळे, इलाजही वेगळा. पहिल्यासाठी पालकांशी बोलणे पुरते. दुसऱ्यासाठी शौचालयात पाणी, आतून लागणारी कडी आणि सॅनिटरी पॅड टाकायची सोय पाहावी लागते. तिसऱ्यासाठी हंगामी वसतिगृह किंवा कारखान्याजवळच्या शाळेत तात्पुरता प्रवेश.

पोषण आहारात उच्च प्राथमिकच्या मुलासाठी रोज १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि ७.५ ग्रॅम तेल धरले आहे. त्यातून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा, जेवणानंतर द्यायची असते. उपाशीपोटी दिली की मळमळते आणि पुढच्या आठवड्यात मुले ती खिशात लपवतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा तपासणी करते. तोवर न थांबता शिक्षकाने मागच्या बाकावरून फळा वाचायला लावला, तरी चष्म्याची गरज असलेली बरीच मुले सापडतात.

मनातले कळायला मात्र नाव लिहिलेली प्रश्नावली कामाची नाही. तिच्यात सगळ्यांना शाळा आवडते. त्याऐवजी शाळेचा साधा नकाशा प्रत्येकाला द्यावा, नाव लिहू देऊ नये, आणि नको वाटणाऱ्या जागा लाल रंगवायला सांगाव्यात. मुली व मुलगे यांचे कागद वेगळे गोळा करावेत. वीस कागदांवर पाण्याच्या टाकीमागची तीच जागा लाल आली, तर मधल्या सुटीत तिथे शिक्षक उभा राहतो. सर्वेक्षणाचा अहवाल लिहीत बसण्याची गरज उरत नाही. लैंगिक त्रासाचा संशय आला तर शाळेने आपापसांत चौकशी करून मिटवायचे नसते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी वर्गात दिसेल अशी लावावी. राज्याने २०२२ पासून शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समितीही नेमायला सांगितली आहे. मारणे व मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. ‘इ’ श्रेणीतल्या मुलांची नावे वर्गात वाचून दाखवणे हेही छळातच मोडते, हे बऱ्याच ठिकाणी अजून पटलेले नाही.

उपचारात्मक अध्यापनात एक चूक हमखास होते. मागे पडलेल्या मुलांना जादा तासासाठी खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासातून उचलतात. नेमका ज्या तासाला ते मूल वर्गात उजवे ठरते तो तास जातो, आणि काही आठवड्यांत ते शाळेला दांडी मारू लागते. परिपाठानंतरची तीस मिनिटे, सहा ते आठ मुलांचा गट, एकच घटक, दोन-तीन आठवडे आणि शेवटी सुरुवातीचीच पाच उदाहरणे पुन्हा, एवढी आखणी पुरते. घटक जमला की मूल गटातून बाहेर काढावे. वर्षभर त्याच गटात राहिलेले मूल ‘ड गटातले’ होऊन बसते.

बाहेरच्या चाचण्यांत राज्याची नियतकालिक मूल्यांकन चाचणी (पायाभूत, संकलित १ व संकलित २) वर्गाला सर्वांत जवळची. राष्ट्रीय पातळीवर ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ सर्वेक्षण तिसरी, सहावी व नववीच्या नमुना वर्गांत झाले. ते राज्य व जिल्ह्यांची स्थिती सांगते. त्यावरून एका मुलाबद्दल काही ठरवता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. त्यांच्यापुढे टक्केवारी ठेवण्यापेक्षा ‘जूनमध्ये सातवीतली अकरा मुले गोष्ट वाचत नव्हती, आता चार’ असे मांडले तर बैठकीत प्रश्न विचारले जातात.

आठवी संपून मूल दुसऱ्या हायस्कुलात गेले की बरोबर जातात ते शाळा सोडल्याचा दाखला आणि शेवटचे प्रगतिपत्रक. निरीक्षणांची वही जुन्या शाळेच्या कपाटात राहते, आणि नववीचे वर्गशिक्षक जूनमध्ये पुन्हा ०.३५ आणि ०.५ पासून सुरुवात करतात.