चिकट चाक आणि सात वजाबाक्या

आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांनी गेल्या जूनमध्ये मला एक काळं पाकीट आणून दिलं. आत ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचा एचपी-६७ हा कॅल्क्युलेटर होता. काका ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायन कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर होते आणि त्यांच्या भावानं तो अमेरिकेहून येताना आणला होता. “चालू होत नाही गं, आणि भंगारात टाकवत नाही. तू बघ,” एवढं बोलून ते गेले. पाकिटाच्या कप्प्यात बोटाएवढ्या लांब, सेंटिमीटरभर रुंद अशा सात-आठ चुंबकीय पट्ट्या होत्या. त्यांतल्या एकीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पाइप – दाब घट’.

मी जुने प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर जमवते आणि दुरुस्त करते. पण त्या दिवशी यंत्रापेक्षा मला त्या पट्टीचीच जास्त काळजी वाटली. यंत्र दुसरं मिळू शकतं. एका माणसानं आपल्या कामासाठी रचलेला हिशेब मात्र जगात त्या एकाच पट्टीवर असतो.

तो हिशेब काय होता, ते कळलं की प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटरची किंमतही कळते. पाइपमधून द्रव वाहताना घर्षणामुळे दाब कमी होतो. किती कमी होतो ते काढायला ‘घर्षण गुणांक’ लागतो आणि तो देणारं कोलब्रुकचं समीकरण १९३९ सालचं आहे. त्याची अडचण अशी की हवा असलेला गुणांक समीकरणाच्या दोन्ही बाजूंना बसलेला असतो, एकदा तर लॉगरिदमच्या पोटात. तो सुटा करून काढता येत नाही. मग करायचं काय? अंदाजानं एक आकडा धरायचा, समीकरणात घालायचा, जे उत्तर येईल ते पुन्हा आत घालायचं. समजा रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शांत आहे की खळबळीचा ते सांगणारा आकडा) एक लाख आहे आणि पाइपचा खडबडीतपणा त्याच्या व्यासाच्या ०.०००२ पट आहे. सुरुवात ०.०२०० नं केली तर पहिल्या फेरीत ०.०१८९ येतात, दुसरीत ०.०१९०, तिसरीतही ०.०१९०. आकडा स्थिरावला, काम झालं. एका पाइपसाठी हे हातानं जमतं. कारखान्यात शंभर पाइप असतात आणि प्रत्येकाचा व्यास, वेग, द्रव वेगळा. मूडीचा १९४४ सालचा आलेख उघडून डोळ्यांनी अंदाज घेणं हा दुसरा मार्ग होता आणि बहुतेक जण तोच घेत.

खिशातल्या यंत्राला ‘हीच बटणं याच क्रमानं पुन्हा दाब आणि आकडा हलायचा थांबला की मला सांग’ असं शिकवता येणं, ही त्यामुळे फार मोठी गोष्ट होती. त्या काळात ती झपाट्यानं घडली. १९७२ साली एचपी-३५ आला, खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर, किंमत ३९५ डॉलर. त्याला प्रोग्रॅम देता येत नव्हता. १९७४ मध्ये एचपी-६५ आला. त्यात १०० पायऱ्यांचा, म्हणजे १०० सूचनांचा, प्रोग्रॅम बसायचा आणि तो चुंबकीय पट्टीवर उतरवून ठेवता यायचा. १९७५ च्या अपोलो-सोयुझ मोहिमेत अमेरिकी अंतराळवीरांनी तो सोबत नेला होता. १९७६ मध्ये एचपी-६७ आला, २२४ पायऱ्यांचा. पुढच्याच वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-५९ आला आणि त्यात ९६० पायऱ्यांपर्यंत जागा होती.

एचपी-६७ बंद केला की त्यातला प्रोग्रॅम पुसला जातो. म्हणून या पट्ट्या.

काकांच्या यंत्राचं बॅटरीचं झाकण उघडलं तेव्हा आत पांढरी भुकटी आणि हिरवट पापुद्रे दिसले. या बॅटरी पॅकमध्ये तीन निकेल-कॅडमियम सेल असतात, आतला द्रव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा. सेल वर्षानुवर्षं पडून राहिला की त्याच्या सीलमधून हा अल्कली झिरपतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. पांढरी भुकटी ती हीच. हिरवं म्हणजे खाल्लेलं तांबं. खाडीकाठच्या शहरात हा प्रकार लवकर पसरतो, कारण कार्बोनेट हवेतली ओल धरून ठेवतं. जून ते सप्टेंबर ठाण्यात भिंतींना सुद्धा बुरशी धरते, तिथे तांब्याच्या केसाएवढ्या रेषांचं काय होणार? अल्कली असल्यामुळे त्यावर उतारा आम्लाचा. इयरबड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून मी एकेक ठिपका पुसला. भुकटीवर व्हिनेगर लागताच बारीक बुडबुडे येतात, तो बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे थांबले की स्वच्छ पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग दोन दिवस सिलिका जेलच्या डब्यात. हे करताना हातमोजे घालावेत आणि जुने सेल घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. कॅडमियम विषारी आहे, ते ई-कचऱ्यातच जायला हवं.

इथे एक कळकळीची विनंती. जुना कॅल्क्युलेटर हाती आला की अनेक जण पहिल्यांदा त्याचा चार्जर शोधतात आणि सॉकेटमध्ये लावून बघतात. असं करू नका. एचपी-२५ च्या कुटुंबातल्या यंत्रांत बॅटरी केवळ वीज साठवत नाही, चार्जरकडून येणारा व्होल्टेज ताब्यात ठेवण्याचं कामही तीच करते. बॅटरी काढलेली किंवा मेलेली असेल तर चार्जरचा सगळा व्होल्टेज थेट चिपांवर जातो आणि पन्नास वर्षं तगलेली चिप क्षणात जळते. ती चिप आता कुणी बनवत नाही. आधी नवे सेल घाला. निकेल-मेटल-हायड्राइडचे सेलही १.२ व्होल्टचेच असतात, ते चालतात.

नवे तीन सेल बसवले, स्विच सरकवला आणि लाल ‘०.००’ उजळलं. एलईडीचा तो लाल रंग आताच्या पडद्यांवर दिसत नाही. प्रत्येक अंकाची एलईडी एवढीशी असते की नुसत्या डोळ्यांनी वाचताना त्रास व्हावा, म्हणून तिच्यावर प्लास्टिकचं इवलं भिंग बसवलेलं असतं. वीज वाचवण्यासाठी सगळे अंक एकाच वेळी पेटत नाहीत. एक पेटतो, विझतो, मग पुढचा, आणि हे इतक्या वेगानं चालतं की डोळ्याला सगळे स्थिर दिसतात. अंधाऱ्या खोलीत यंत्र हातात धरून झपकन बाजूला हलवलं की ही लबाडी उघडी पडते. अंक तुटून लाल ठिपक्यांच्या माळेसारखे विखुरलेले दिसतात. मुलांना दाखवा, त्यांना फार आवडतं.

पट्टी मात्र मी अजून आत घातली नव्हती. एचपी-६५ आणि एचपी-६७ च्या कार्ड रीडरमध्ये पट्टी ओढून घेणारं एक छोटं मऊ चाक असतं आणि त्याचा आजार सगळ्या जमवणाऱ्यांना ठाऊक आहे. अशा मऊ पदार्थांत लांबलचक रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्या गुंत्यामुळेच चाक दाबलं तरी पुन्हा आकारात येतं. वर्षं जातात तशा साखळ्या तुटत जातात, गुंता सुटतो आणि चाकाचा होतो चिकट काळा गूळ. त्यात पट्टी सरकवली तर तो गूळ तिच्या चुंबकीय थरावर माखतो. एकुलती एक पट्टी अशी गमावण्यापेक्षा महिनाभर थांबलेलं बरं.

मागचं लेबल हेअर ड्रायरनं कोमट करून उचललं, स्क्रू काढले, रीडर बाहेर काढला. चाकाचा गूळ झालाच होता. लाकडी टूथपिकनं तो खरवडून, अल्कोहोलनं आस धुऊन, त्यावर मापाच्या सिलिकॉन नळीचा तुकडा चढवला. ‘मापाच्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा. नळी जाड झाली तर पट्टी अडकते, बारीक झाली तर घसरते आणि पट्टी वाचणाऱ्या भागाखालून एकसारख्या वेगानं जात नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या तीन नळ्यांपैकी तिसरी बसली. कोऱ्या पट्टीवर काहीतरी लिहून वाचून बघितलं. पहिल्या दोन वेळा पडद्यावर ‘एरर’, तिसऱ्यांदा मोटर कुईं करून पट्टी दुसऱ्या बाजूनं बाहेर आली आणि एरर नाही.

यंत्र बरोबर मोजतंय का, हे आता तपासायचं होतं. जमवणाऱ्यांची एक आवडती परीक्षा आहे. कोन अंशांत ठेवून ९ घ्यायचे, त्यांचं साइन, त्याचं कोसाइन, त्याचं टॅन, मग उलट्या क्रमानं परत यायचं: आर्कटॅन, आर्ककोसाइन, आर्कसाइन. गणिताप्रमाणे परत ९ यायला हवेत. एचपीचाच पुढचा एक कॅल्क्युलेटर, एचपी-४१सी, ९.०००४१७४०३ दाखवतो. यंत्र बिघडलेलं नसतं. ९ अंशांचं साइन ०.१५६४३४४६५० आणि तेवढ्या अंशांचं कोसाइन ०.९९९९९६२७२७. दहाच घरं, त्यांतली पहिली पाच नुसत्या नवांनी अडवली. मूळ आकड्याची ओळख उरलेल्या पाच घरांत कोंबली गेली आणि जे मावलं नाही ते कायमचं गेलं. परत येताना आर्ककोसाइन ती उणीव मोठी करून दाखवतं. चूक कुठल्या अंकापासून सुरू होते यावरून आत कुठलं गणित बसवलंय ते ओळखता येतं, जसं आवाजावरून गावाकडचा माणूस ओळखावा.

आणि ते आतलं गणित? या चिपांना गुणाकार येत नाही. बेरीज, वजाबाकी आणि अंक एक घर सरकवणं, बस्. तेवढ्यावर टॅन काढायचा. युक्तीचं मूळ जॅक व्होल्डर यांनी १९५९ मध्ये बॉम्बर विमानाच्या दिशादर्शनासाठी मांडलेल्या कॉर्डिक पद्धतीत आहे आणि एचपी-३५ साठी डेव्हिड कोक्रन यांनी ती दशमान अंकांवर बसवली. कोन ५१.५ अंशांचा आहे असं धरू. ज्यांचं टॅन १, ०.१, ०.०१, ०.००१ आहे असे कोन यंत्राला पाठ असतात: ४५, ५.७१०६, ०.५७२९, ०.०५७३ अंश. ५१.५ मधून ४५ एकदा जातात, ६.५ उरतात. ५.७१०६ एकदा, ०.७८९४ उरतात. ०.५७२९ एकदा, मग ०.०५७३ तीनदा. प्रत्येक वजाबाकीसोबत यंत्र मनातल्या एका रेषेला तेवढं वळवतं आणि त्या वळणात लागणारा ‘गुणिले ०.०१’ म्हणजे फक्त अंक दोन घरं उजवीकडे सरकवणं. रेषा वळता वळता थोडी लांबते, पण टॅनला तिची लांबी लागत नाही, उंची आणि पाया यांचं गुणोत्तर लागतं. एचपी-३५ मध्ये हे सगळं बसवायला मिळून ७६८ सूचनांची जागा होती. मी पहिल्यांदा हे वहीवर करून बघितलं तेव्हा रात्री दोनपर्यंत झोप आली नव्हती.

माझी स्वतःची परीक्षा वेगळी आहे आणि ती ठाण्याची आहे. गणितज्ञ द. रा. कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, त्यांचं माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालं, पुढे ते देवळालीला शाळेत शिकवत. त्यांचा ६१७४ सगळ्यांना माहीत असायला हवा. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानं आणि चढत्या क्रमानं लिहून वजाबाकी करा, उत्तरावर तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतात आणि तिथून पुढे संख्या हलत नाही. दुरुस्त झालेल्या प्रत्येक यंत्रावर मी हा प्रोग्रॅम चढवते, कारण त्यात यंत्राचं सगळं कामाला लागतं: स्मृती, तुलना, उड्या, फेऱ्या.

पायऱ्या मोजक्या असल्या की डोकं चालवावं लागतं. दोन संख्या रचून वजाबाकी करण्यात जागा जाते. अंक मोठ्याकडून लहानाकडे क, ख, ग, घ असतील तर वजाबाकीचं उत्तर नेहमी ९९९ गुणिले (क वजा घ) अधिक ९० गुणिले (ख वजा ग) येतं. मग संख्या रचायचीच नाही, अंक क्रमानं लावले की झालं. मी १९७२ घातले, एचपी-३५ चं साल म्हणून. ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. बरोबर सात वजाबाक्या.

त्यानंतर काकांना वर बोलावलं. पट्टीचा एक कोपरा कापलेला होता. या पट्ट्यांवर चुकून दुसरं काही लिहिलं जाऊ नये म्हणून तो कापतात. काकांनी ती स्वतःच्या हातानं फटीत धरली आणि मोटरनं ओढून घेतली. पडद्यावर ‘सीआरडी’ आलं, म्हणजे दुसरी बाजूही दे. त्यांनी पट्टी फिरवून पुन्हा घातली. मग व्यास, वेग, घनता असे आकडे ते न अडखळता घालत गेले, कुठलं बटण कशासाठी हे त्यांच्या बोटांना आठवत होतं. यंत्र थोडा वेळ घुटमळलं आणि उत्तर आलं.

काकांनी ते कागदावर लिहून घेतलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, “घनता एक हजार धरली मी, पाण्याची. आमचा द्रव पाण्याहून जड होता. थांब, परत घालतो.”