टायर, चेंडू आणि 'एन्रिचमेंट': एका शब्दाची पार्श्वभूमी

ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यात बिबट्या पिंजऱ्यात अडकला की गावात दोन दिवस एकच चर्चा असते: जंगलात सोडणार की नागपूरला नेणार? नागपूरला नेल्यावर तो दिवसभर करतो काय, हे सहसा कोणी विचारत नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडची पाच-सहा मंडळी नागपूरजवळचं प्राणिउद्यान बघायला गेली, तेव्हा एका पिंजऱ्यात साखळीला टांगलेलं टायर दिसलं. आमच्यातल्या एका काकांनी तिथल्या पोराला थेट विचारलं, "त्याले टायर कायले देल्लं? तो का लहान पोट्टा आहे?" पोरगा म्हणाला, "एन्रिचमेंट आहे काका." काकांनी मान हलवली. समजलं असं काही वाटलं नाही.

बंदिवासातल्या प्राण्याला काहीतरी करायला मिळावं म्हणून केलेली सोय, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पण त्यावर सर्वांत जास्त भांडण झालं ते डॉल्फिन, ओर्का (काळा-पांढरा शिकारी देवमासा), वॉलरस (लांब सुळ्यांचा समुद्री प्राणी) यांच्या टाक्यांवरून. समुद्र आमच्यापासून लांब. चंद्रपूरहून निघालं तर मुंबईपेक्षा बंगालचा उपसागरच जवळ पडतो, आणि तोही साडेचारशे किलोमीटर. तरीही त्या साखळीचं दुसरं टोक समुद्राच्या बाजूलाच सापडतं.

जुना भाग थोडक्यात. १८६१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका हौशी संग्रहालयवाल्यानं सेंट लॉरेन्स नदीतून बेलुगा व्हेल पकडून आणले आणि तळघरातल्या टाकीत ठेवले. ते लवकरच मेले, म्हणून दुसरे आणले. १८६५ च्या आगीत संग्रहालय जळालं तेव्हाही आत बेलुगा होते. १९३८ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पाण्याखालच्या चित्रीकरणासाठी मोठ्या टाक्या बांधल्या गेल्या. कॅमेऱ्यापेक्षा तिकीट काढून येणारे लोकच जास्त पैसे देतात, हे तिथे कळलं आणि डॉल्फिनच्या उड्यांचा धंदा उभा राहिला. १९६० च्या दशकात त्यात ओर्का आले. या सगळ्या काळात प्राणी कंटाळतो का, हा प्रश्न कोणाच्या हिशेबात नव्हता. तो जगतो किती दिवस, एवढंच बघितलं जाई.

'एन्रिचमेंट' हा शब्द मात्र तिकीटवाल्यांकडून आला नाही. तो आला उंदरांकडून. १९४० च्या दशकात कॅनडातल्या एका मानसशास्त्रज्ञानं काही उंदीर घरी पाळले आणि प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यातल्या उंदरांपेक्षा ते कोडी लवकर सोडवतात असं त्याला दिसलं. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात शिड्या, चाकं आणि सोबती दिलेल्या उंदरांचे मेंदू मोजले गेले. मेंदूची बाहेरची साल खरोखरच जड भरली. तिथे या शब्दाचा अर्थ स्वच्छ होता: रिकाम्या पिंजऱ्याच्या तुलनेत भरलेला पिंजरा. उंदीर सुखी आहे की नाही, हे त्या प्रयोगात कोणी विचारलंच नव्हतं.

प्राणिसंग्रहालयांत तो शब्द आला तेव्हा त्याला सुखाचा अर्थ चिकटला. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या पोर्टलंडला गिबन माकडांसाठी दिवे आणि दांडे बसवले होते. दिवा लागला की दांडा ओढायचा, मग दुसऱ्या टोकाला खाऊ. खेळ सुरू करायला प्रेक्षकांनी नाणं टाकायचं, अशीही सोय होती. यावर दुसऱ्या बाजूचे लोक तुटून पडले: माकडाला झाड द्या, यंत्र कसलं देता? यंत्रवाले म्हणाले, सिमेंटच्या खोलीत रंगवलेलं झाड प्राण्याच्या काय कामाचं? ते पाहून समाधान होतं ते तुमचं. हा वाद काही वर्षं नियतकालिकांतून चालला. १९९३ मध्ये त्याच पोर्टलंडला या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तोवर दोन्ही पक्षांनी एकाच शब्दाखाली बसायचं मान्य केलं होतं. माझ्या मते घोळ इथूनच सुरू होतो. झाडही एन्रिचमेंट, यंत्रही एन्रिचमेंट, चेंडूही एन्रिचमेंट. मग शो का नाही?

त्याआधी टाकीचं माप बघू. अमेरिकेत समुद्री सस्तन प्राण्यांसाठी १९७९ मध्ये नियम आले. त्यांत डॉल्फिनच्या टाकीची किमान रुंदी चोवीस फूट, किंवा प्राण्याच्या सरासरी लांबीच्या दुप्पट, यातलं जे जास्त असेल ते. आपल्या ओळखीचा बॉटलनोज डॉल्फिन आठ-दहा फुटांचा, म्हणजे त्याला चोवीस फूट पुरे. आमच्याकडच्या शेतातली चांगली रुंद विहीर डोळ्यांपुढे आणा. १९८५ मध्ये त्याच देशानं कायद्यात दुरुस्ती करून माकडवर्गीय प्राण्यांच्या मानसिक स्वास्थ्याची सोय बंधनकारक केली. डॉल्फिन त्यात नव्हते. युरोपात १९९९ च्या निर्देशानं प्रत्येक जातीला साजेसं एन्रिचमेंट देणं प्राणिसंग्रहालयांना सांगितलं. ब्रिटननं त्याआधीच टाक्यांचे निकष इतके वाढवले, की ते पाळणं परवडेना आणि १९९३ मध्ये तिथलं शेवटचं डॉल्फिनेरियम, म्हणजे डॉल्फिन ठेवून त्यांचे खेळ दाखवणारं ठिकाण, बंद झालं.

या सगळ्यात मला मनापासून पटणारं उदाहरण वॉलरसचं आहे. समुद्रात वॉलरस तळाच्या चिखलात थोबाड खुपसतो, मिशांनी चाचपतो, तोंडातून पाण्याचा फवारा मारून शिंपला उघडा करतो आणि आतलं मांस ओढून घेतो. एकेका जेवणात शेकडो शिंपले, म्हणजे तासन्‌तासांचं काम. टाकीत त्याला बादलीतून मासे मिळतात आणि जेवण काही मिनिटांत उरकतं. उरलेला दिवस तो सिमेंटच्या काठावर सुळे घासतो. सुळे झिजतात, तडकतात, मुळाशी पू होतो, मग धातूची टोपी बसवावी लागते. १९८९ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी वॉलरससाठी तळाशी खणायची कुंडी केली आणि खाणं तिच्यात पुरून ठेवलं. आपल्या लेखात त्यांनी तिला 'व्यवसायोपचार' म्हटलं. लकवा झालेल्या माणसाच्या हाताला काम देतात, तो शब्द. त्यात एक कबुली आहे, की प्राणी आजारी आहे आणि आजार टाकीनंच दिला आहे. नंतरच्या चकचकीत पत्रकांतून ती कबुली गळाली. राहिले बर्फात गोठवलेले मासे, प्लॅस्टिकचे गोळे आणि गाड्या धुण्याच्या यंत्रातल्या कापडी पट्ट्या, समुद्री शेवाळ म्हणून पाण्यात सोडलेल्या.

आता शो. त्याचं समर्थन सरळ आहे: प्राण्याला काम हवं, प्रशिक्षण हे काम आहे, म्हणून प्रशिक्षण हेच उत्तम एन्रिचमेंट. हे उडवून लावण्यासारखं नाही. आमच्याकडे दावणीला बांधलेला एखादा बैल जीभ बाहेर काढून गोल फिरवत राहतो. बाजारात घेणारा त्याला 'खोड' म्हणतो आणि किंमत पाडतो. पशुवैद्यकाच्या लेखी तो बंदिस्तपणातून आलेला चाळा असतो. पेरणीच्या दिवसांत जुंपला की तो जीभ विसरतो, असं आमचे बाबा म्हणायचे. म्हणजे कामानं फरक पडतो हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. डॉल्फिनचा तर पुरावा आहे. १९६० च्या दशकात हवाईमधल्या एका प्रशिक्षिकेनं, आधी कधी न केलेली हालचाल केली तरच मासा, असा नियम लावला. सुरुवातीला डॉल्फिन गोंधळले, मग रोज काहीतरी नवं करून दाखवू लागले. पॅरिसजवळच्या एका डॉल्फिनेरियममधला २०१८ चा अभ्यासही असाच. ओळखीचा माणूस येणार हे कळलं की डॉल्फिन पाण्याबाहेर डोकं काढून वाट बघत, खेळणी येणार असताना बघत त्याहून जास्त.

हाच अभ्यास दोन्ही बाजू वापरतात. डॉल्फिनेरियमवाले म्हणतात, बघा, त्यांना आम्ही आवडतो. विरोधक म्हणतात, चार भिंतींत दुसरं काहीच घडत नसेल तर कोणीही दाराकडे डोळे लावून बसेल. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, हे लपवत नाही. बैल जुंपला तरी पोळ्याला त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. शोचा पोळा तर सुट्टीच्या दिवशी, जास्त खेळांचा.

शब्द कसा वाकतो याचा नमुना म्हणजे कॅलिफोर्निया. २०१० मध्ये फ्लोरिडात एका ओर्कानं प्रशिक्षिकेचा जीव घेतला, तिथून लोकमत फिरलं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियानं ओर्कांचं प्रजनन आणि मनोरंजनाचे खेळ कायद्यानं थांबवले, पण 'शैक्षणिक सादरीकरणा'ला मुभा ठेवली. २०१७ पासून सॅन दिएगोत तेच ओर्का त्याच पाण्यात उड्या मारू लागले, पाठीमागच्या पडद्यावर माहिती झळकू लागली. पाटी बदलली.

भारतात हा प्रश्न आला आणि मुळाशीच मिटला. १९९० च्या दशकाच्या शेवटी चेन्नईजवळ बल्गेरियातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांत मेले. पुढे कोचीसह आणखी ठिकाणी असे प्रकल्प निघाले, आपल्या कोकणाचंही नाव त्यात होतं. १७ मे २०१३ च्या परिपत्रकानं डॉल्फिनेरियमला परवानगी नाकारली. जगभर बातमी गेली, की भारतानं डॉल्फिनला 'मानवेतर व्यक्ती' ठरवलं. परिपत्रक तसं म्हणत नाही. काही शास्त्रज्ञांनी डॉल्फिनला मानवेतर व्यक्ती मानावं असं सुचवलं आहे, एवढा उल्लेख त्यात आहे, आणि मनोरंजनासाठी त्यांना कोंडणं नैतिकदृष्ट्या अमान्य म्हटलं आहे. व्यक्तीचा दर्जा नाही, पण दार बंद. टाक्याच नाहीत म्हटल्यावर टाकीतल्या खेळण्यांसाठी मराठी शब्द घडवायची गरज कोणाला? 'समृद्धीकरण' वापरून बघितलं. आमच्याकडे समृद्धी म्हटलं की लोकांना नागपूर-मुंबई महामार्ग आठवतो.

बाहेर टाक्या भरलेल्याच आहेत, आणि अलीकडच्या घडामोडी त्यांच्याच. २०१९ मध्ये कॅनडानं व्हेल-डॉल्फिनचा बंदिवास कायद्यानं संपवला, पण आधीपासून कोंडलेल्यांना सूट दिली. त्याच वर्षी शांघायमधले दोन बेलुगा आइसलँडच्या खाडीतल्या अभयारण्यात नेले. खाडीत ते थोडेच दिवस राहिले आणि परत आतल्या टाकीत आणावे लागले. फ्रान्सनं २०२१ मध्ये शोबंदीचा कायदा केला. भूमध्य किनाऱ्यावरचं तिथलं मोठं उद्यान जानेवारी २०२५ मध्ये बंद झालं, पण प्रेक्षक गेल्यावरही आतले दोन ओर्का कुठे न्यायचे हे महिनोन्‌महिने ठरेना. २०२५ मध्येच मेक्सिकोनं शो थांबवले आणि कॅनडानं बंद पडलेल्या एका उद्यानातल्या तीस बेलुगांना चीनला पाठवायची परवानगी नाकारली. शो थांबला की एन्रिचमेंटचं सगळं ओझं चेंडूवर आणि बर्फातल्या माशांवर येतं. या प्राण्यांना खायला घालणारी माणसं आजही रोज सकाळी नवं काय द्यायचं याचीच जुळवाजुळव करतात, कारण जुनं खेळणं त्यांना लवकर निरस होतं.

नागपूरच्या त्या प्राणिउद्यानातून निघताना टायरवाल्या पोरानं आम्हाला त्याची वही दाखवली. रोज काय दिलं आणि प्राणी किती वेळ रमला, असे दोन रकाने. वर छापील शीर्षक इंग्रजीतलं, ते खोडून पेननं लिहिलं होतं: 'खेळ'. त्या दिवशीची नोंद होती, अस्वल, ओंडक्याला मध, बारा मिनिटं. बिबट्यापुढे टायर, आणि वेळेच्या रकान्यात शून्य.