स्वतःची वायरिंग स्वतः बदलणारी चिप: हे आलं कुठून?

चिप स्वतःच स्वतःला बदलते म्हटलं की लोकांना हे एआयच्या लाटेतलं काहीतरी नवीन वाटतं, पण याचं मूळ १९६० पर्यंत मागे जातं. युसीएलएचे (लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ) प्राध्यापक जेराल्ड एस्ट्रिन, आधी प्रिन्स्टनला कॉम्प्युटरचे एक जनक मानले जाणारे फॉन नॉयमन यांच्या कॉम्प्युटरवर काम केलेला माणूस, त्यांनी मांडलं की मशीनचा एक भाग नेहमीसारखा फिक्स ठेवा आणि दुसरा कामाप्रमाणे बदलता येईल असा करा. आयडिया भारीच होती, पण तेव्हा बदलायचं म्हणजे माणसाने हाताने मॉड्यूल काढून दुसरी बसवायची, मग कोण कशाला त्या भानगडीत पडेल.

खरी सोय झाली १९८५ मध्ये. झायलिंक्स या अमेरिकन चिप कंपनीने एफपीजीए, म्हणजे विकत घेतल्यावरही आतलं सर्किट बदलता येणारी चिप, बाजारात आणली, कंपनीच्या रॉस फ्रीमनची कल्पना, पहिल्या चिपमध्ये जेमतेम ६४ लॉजिक ब्लॉक, म्हणजे छोटी छोटी कामं करणारे सर्किटचे तुकडे. कोणता ब्लॉक काय करणार आणि कशाला जोडलेला असणार हे सगळं मेमरीतल्या बिट्सवर ठरतं, बिट्स नव्याने लिहिले की तीच चिप दुसरंच सर्किट.

मग १९९६ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स युनिव्हर्सिटीत एड्रियन थॉम्पसन यांनी जे केलं ते माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात विचित्र प्रकरण आहे. त्यांनी सर्किट डिझाइनच केलं नाही, आधी रँडम बिट्स एका एफपीजीएमध्ये टाकले, त्यातल्या त्यात बरी निघालेली सर्किटं निवडायची, त्यांची सरमिसळ करायची, थोडे बदल करायचे आणि परत टाकायची, अशा हजारो पिढ्या. काम एवढंच की १ किलोहर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झचा आवाज वेगळा ओळखायचा, हाताशी फक्त १०० सेल (लॉजिक ब्लॉकसारखेच तुकडे) आणि वेळेचे ठोके देणारं क्लॉक अजिबात नाही! तरी जमलं. गंमत म्हणजे काही सेल आउटपुटला कुठूनच जोडलेले नव्हते, तरी ते बंद केले की सर्किट बिघडायचं. तेच सर्किट त्याच चिपच्या दुसऱ्या कोपऱ्यात टाकलं तर पहिल्यासारखं चालेना, म्हणजे त्या विशिष्ट सिलिकॉनचे बारीकसारीक गुण त्याने वापरून घेतले होते. इंजिनिअरला हे कौतुकाचंही आणि डोकेदुखीचंही, कारण असलं सर्किट प्रॉडक्टमध्ये कोण घालणार?

आणि हो, यात चिप लिहिणारा बाहेरचा पीसीच होता, 'स्वतः' वगैरे काही नाही. त्याच सुमारास एचपी कंपनीच्या टेरामॅक या प्रायोगिक कॉम्प्युटरने दाखवलं की हार्डवेअरमध्ये २ लाखांहून जास्त दोष असलेलं मशीनही, दोष शोधून त्यांना वळसा घातला की, नीट चालतं. पुढे २००० नंतर झायलिंक्सच्या व्हर्टेक्स-२ या एफपीजीएमध्ये कॉन्फिगरेशन, म्हणजे सर्किट ठरवणारे ते बिट्स, बदलायचा दरवाजा चिपच्या आतूनच उघडला, तेव्हा कुठे चिपचा एक भाग स्वतःच दुसऱ्या भागाचं सर्किट बदलू लागला.

आता अंतराळात रेडिएशनमुळे कॉन्फिगरेशनचा बिट उलटतो, तो आपोआप शोधून दुरुस्त करायचं तंत्र नेहमीच्या वापरात आहे. पण तिथे काय लिहायचं ते आधीच माणसाने ठरवलेलं असतं, चिप फक्त मूळ प्रत परत आणते. नवं सर्किट स्वतः शोधून स्वतःवर चढवणारं हार्डवेअर मात्र अजून बहुतेक लॅबमध्येच अडकलंय.