‘मनन’ करायचे म्हणजे नेमके काय? रोजच्या शास्त्रवाचनाची पार्श्वभूमी

नवीन वर्षाच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) बायबलच्या वार्षिक वाचनाचे तक्ते वाटले जातात. रोज तीन अध्याय, रविवारी पाच. या हिशेबाने बायबलचे ११८९ अध्याय वर्षाच्या आत होतात. उत्पत्ती आणि निर्गम मिळून ९० अध्याय, म्हणजे जानेवारीअखेर गाडी लेवीय या पुढच्या पुस्तकातल्या होमार्पणांपाशी येते आणि बहुतेकांची तिथेच रुतते. दरवर्षी. हा तक्ता इतका अंगवळणी पडला आहे की तो प्रेषितांच्या काळापासून चालत आला असावा, असेच अनेकांना वाटते.

पहिल्या शतकात मात्र पवित्र शास्त्र कोणाच्या उशाशी नसे. गुंडाळ्या महाग, त्या यहुद्यांच्या सभास्थानात असत. एक जण वाचे, बाकीचे ऐकत. ज्याच्याकडे स्वतःची गुंडाळी होती, तो प्रेषितांच्या कृत्यांतला हबशी अधिकारीसुद्धा रथात बसून मोठ्याने वाचत होता, म्हणून तर ते सुवार्तिक फिलिप्पाच्या कानावर पडले. वाचन म्हणजे आवाज, ही समजूत पुढे मठांमध्येही बरीच शतके टिकली. रोजचे वाचन घरात आले ते छापखान्यानंतर. १५४९ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकाने स्तोत्रसंहिता महिन्याला एकदा पुरी होईल अशी वाटणी केली, पण तीही सकाळ-संध्याकाळच्या सार्वजनिक प्रार्थनेसाठी. जर्मनीतल्या हेर्नहूट गावी १७२८ पासून रोजचे एक वचन घरोघर तोंडी सांगितले जाऊ लागले. पुढे त्याची वर्षाची पुस्तिका निघाली. ती वचने आजही चिठ्ठ्या टाकून निवडतात.

आपल्या तक्त्याचा खरा पूर्वज १८४२ चा. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या एका तरुण पाळकाने तो आपल्या मंडळीसाठी बनवला आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या २९ व्या वर्षी, तो वारला. १ जानेवारीच्या ओळीत चार वाचने आहेत: उत्पत्ती १, मत्तय १, एज्रा १, प्रेषितांची कृत्ये १. चारही आरंभ. पहिली दोन कुटुंबाने एकत्र वाचायची, उरलेली दोन ज्याने त्याने एकांतात. तक्त्यासोबतच्या पत्रात त्याने धोकेही लिहून ठेवले होते: वाचन उरकण्यापुरते होईल, वाचणाऱ्याला स्वतःच्याच भक्तीचे कौतुक वाटू लागेल, काहींना ते जोखड वाटेल. तक्ता जगभर गेला, पत्र मागे राहिले. कुटुंबाचा रकानाही आपल्याकडच्या तक्त्यांतून कधीतरी गळून गेला.

आता ‘मनन’ या शब्दाकडे. रोज वाचा असे सांगताना हमखास दोन आधार दिले जातात, यहोशवा १:८ आणि स्तोत्र १:२. दोन्ही ठिकाणी प्रचलित मराठी बायबलात ‘मनन’ आहे. मूळ हिब्रू क्रियापद ‘हागा’. ते तोंडाचे आहे, पुटपुटण्याचे. यशया ३१:४ मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहाला हेच क्रियापद लावले आहे आणि ३८:१४ मध्ये घुमणाऱ्या पारव्याला. यहोशवाच्या त्या वचनात तर आधी ग्रंथ ‘मुखी’ असू दे असे स्पष्ट म्हटले आहे आणि लगेच पुढे ‘मनन’ येते. मुख आणि मन एका ओळीत शेजारी बसतात आणि आपण फक्त दुसरे ऐकतो.

‘मनन’ हा शब्द आला श्रवण, मनन, निदिध्यासन या वेदान्ताच्या जोडणीतून. तिथे श्रवण आधीच झालेले असते, म्हणून मनन निःशब्द चालते. भाषांतरकारांपुढे दुसरे पर्याय होतेच की. ‘पठण’ होते, ‘घोकणे’ होते, ‘नित्यपाठ’ होता, आणि महाराष्ट्राच्या जिभेवर सगळ्यात जास्त रुळलेले ‘पारायण’ होते. पण पारायणाला पुण्य जोडण्याचा वास येतो, घोकण्याला शाळेचा. नवख्रिस्ती माणूस पोथीची जागा बायबलला देऊन तेच करत राहील, ही भीती खोटी म्हणता येणार नाही. तरीही माझ्या मते किंमत मोठी पडली: ज्याला वाचता येत नाही त्याला मनन कसे करायचे हे कोणी सांगेना. शास्त्रभाषेतून वेदान्ताची छाया काढायची म्हणून केडगावच्या पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल साध्या मराठीत आणले. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते तिथल्याच छापखान्यातून, तिथल्याच स्त्रियांच्या हातून छापून निघाले. मंडळ्यांच्या व्यासपीठांवर मात्र जुनीच परंपरा राहिली.

त्याआधीचा मराठी इतिहास थोडक्यात. बंगालमधल्या श्रीरामपूरला १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला तो मोडी लिपीत. १८४२ मध्ये नगरला ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झाले. खेड्यापाड्यांत अक्षरओळखच नव्हती, तेव्हा शास्त्र नेले ते घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबलबायांनी आणि १८६० च्या दशकात नगर भागात उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती कीर्तनाने. टाळ, वीणा, आख्यान. आमच्या घरची एक म्हातारी या परंपरेतली शेवटची. चष्मा सुतळीने बांधलेला, बोट ओळीवर, ओठ सतत हलते. ‘मनातल्या मनात वाच की गं आजी’ म्हटले की ती म्हणायची, ‘मनात वाचलं तर मला कसं ऐकू येणार?’

कॅथोलिकांची वाट वेगळी. १५६४ पासून देशी भाषेतले बायबल वाचायला लेखी परवानगी लागे. त्याच काळात, १६१६ मध्ये, गोव्यात राचोलला जवळपास ११ हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले आणि ते चर्चमध्ये मोठ्याने म्हटले जाई. भाषांतराला जे दार बंद होते ते ओवीला उघडे होते! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सर्वांनी वारंवार शास्त्र वाचावे असे सांगितले, १९६९ मध्ये मिस्सेची, म्हणजे कॅथोलिक उपासनेची, वाचने नव्याने लावली: रविवारची तीन वर्षांच्या चक्रात, इतर दिवसांची दोन वर्षांच्या. वसईत रोज मिस्सेला जाणारी बाई हातात पुस्तक न धरता नव्या कराराचा मोठा भाग ऐकते. आपले प्रॉटेस्टंट लोक याला ‘वाचन’ म्हणायला कां कू करतात.

आता सगळे फोनवर आले आहे. पहाटे पाचला व्हॉट्सॲपवर सूर्योदयाच्या चित्रावर वचन येते, बहुधा यिर्मया २९:११, बंदिवासाचा मागचा-पुढचा संदर्भ कापून. वाचनाच्या ॲपमध्ये सलग किती दिवस झाले याचा आकडा दिसतो. तो तुटू नये म्हणून रात्री पावणेबाराला डोळे मिटत असताना अध्याय उरकणारे मला माहीत आहेत. त्याच ॲपमध्ये कानाने ऐकायची सोयही आहे. भाकऱ्या थापताना ओट्यावर फोन ठेवून बाया स्तोत्रे ऐकतात आणि ओठ हलवतात. त्या दिवशीच्या चौकटीत खूण करायची की नाही, यावर आमच्या मंडळीच्या महिला सभेत गेल्या महिन्यात अर्धा तास वाद झाला आणि निर्णय पुढच्या सभेवर गेला.